एकच नाव लिहा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही सांगते, आणि का सांगू नये? आई डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात मासे विकायची, बाबा रापणीचं जाळं ओढायचे. कोल्हापुराहून समाजकार्य शिकून मी परत आले आणि ओरोसला बालकल्याणाच्या कचेरीत लागले, तेव्हा आईने बाजारभर सांगितलं, "माझा चेडू पोरांचो सायब झाला." कोणीतरी विचारलं, पगार किती? आई म्हणाली, "पगार नको इचारू, खुर्ची आसा."

खुर्ची होती खरी. काम मात्र एकच होतं, धाडणं. आईबाप नसलेलं, टाकलेलं, हरवलेलं पोर आमच्याकडे आलं की चौकशी करायची, समितीपुढे उभं करायचं आणि संस्थेत धाडायचं. मुलगी असेल तर घाटावर, कारण आमच्या जवळ मुलींसाठी सोय नव्हती. दर्याकाठची मुलगी घाट चढून गेली की परत येते ती लग्नाच्या वयाची होऊन, किंवा येतच नाही.

म्हणून कामाची नवी पद्धत येणार असं कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मूल त्याच्या माणसांतच ठेवायचं, संस्था अगदी शेवटी, असं त्या पद्धतीचं सार. ती आपल्या जिल्ह्यात कशी आणायची, आधी कुठला तालुका, घरभेटी कोण करणार, हे ठरवायला बैठका सुरू झाल्या. पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आल्या. बाई चांगल्या होत्या. सगळ्यांना नावाने हाक मारायच्या, शिपायालाही खुर्ची द्यायच्या.

मी म्हटलं, पहिला टप्पा मालवणच्या किनाऱ्यापासून करू, तिथली माणसं मला माहीत आहेत. कचेरीच्या साहेबांनी मान्य केलं आणि घरभेटी सकाळी दहाला टाकल्या.

"सकाळी दहाला कोणी घरी नसतं, साहेब. रापणीवर असतात."

"मग दुपारी."

"दुपारी बायका बाजारात आणि पुरुष झोपलेले."

"तुमच्या लोकांना वेळ असतो तरी कधी?"

"पावसात."

"पावसात आपली गाडी जात नाही," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. भेटी सकाळी दहालाच राहिल्या.

त्या भेटींतच ती मुलगी मला सापडली. दहा-अकरा वर्षांची. बाप होडीवर गेला तो परत आला नाही, आई पुढच्या वर्षी तापाने गेली. मी विचारलं, "तू रवतंस खंय गो?" तिने हाताने सगळी वाडीच दाखवली. मला वाटलं, पोर चेष्टा करतंय. पण ते खरंच होतं. आज या घरी झोपायची, उद्या त्या घरी. दप्तर एकीकडे, कपडे दुसरीकडे. शाळेत जायची, अंगावरचा फ्रॉक धुतलेला होता, केसांना तेल होतं. सकाळी रापण आली की ती दोरीला हात लावायची, आणि मासे वाळूवर ओतले की तिचा वाटा वेगळा पडायचा.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन्ही टोकांना दोऱ्या, आणि दोऱ्यांना अख्खी वाडी. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, ही तिथली रीत; घरच्या पोरांचा मात्र वेगळा पडत नाही, तो घराच्या वाट्यातच. आजारी माणसाचा, बाळंतिणीचा, निराधार पोराचाही वाटा काढतात, हात लागलेला नसला तरी. ही मुलगी आपला वाटा ज्या घरी रात्री झोपायची त्या घरी द्यायची. त्यामुळे ती कोणाच्या दारात भिकारी नव्हती, मासे घेऊन येणारी होती. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. माझी एक मावशी अशीच वाढली.

पुढच्या बैठकीत पुण्याच्या बाईंनी मोठा कागद दिला. मधे मूल काढायचं, भोवती वर्तुळं, आणि वर्तुळांत त्याची माणसं. माझ्या शेजारच्यांच्या कागदावर एक आजी, एक काका, कुणाच्या कागदावर नुसतीच शाळा. माझा कागद पुरेना. मी पाठीमागेही वर्तुळं काढली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्या कागदाचा फोटो काढला. "हेच तर आपल्याला हवंय!" म्हणाल्या. तो कागद कचेरीच्या भिंतीवर लागला.

मग दुसरा तक्ता आला. त्यात एका मुलासमोर एकच रकाना: जबाबदार व्यक्ती.

मी विचारलं, "इथे 'रापण' लिहू?"

साहेबांनी चष्मा काढला. "रापणीच्या ताब्यात मूल? उद्या काही झालं तर मी कोणाला धरू? जाळ्याला?"

"साहेब, तिथे एक नाव लिहिलं की बाकीची दारं बंद होतात. पोर कोणा एकाच्या घरचं झालं, की दुसऱ्याने त्याचा वाटा काढणं म्हणजे त्या घराचा अपमान. तुला पोर पोसवत नाही, असं चारचौघांत म्हटल्यासारखं होतं. कोणी काढणार नाही."

"बाई, तुम्ही तिथल्याच, म्हणून तुम्हाला असं वाटतं." साहेब वाईट नव्हते. समितीपुढे सही त्यांना करायची होती. "मामा आहे ना तिला? मामा लिहा. नाव नसेल तर मला ती घाटावरच पाठवावी लागेल. ते हवंय का तुम्हाला?"

मी पुण्याच्या बाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे. आपण तो दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

मला बोलता येत नाही असं कोणी म्हणणार नाही. त्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पण आवाज रकान्यात मावत नाही. मामाचं नाव लिहिलं गेलं.

मामा त्याच वाडीत राहायचा, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर कामाला जायचा. त्याने नकार दिला नाही. उलट त्याला बरं वाटलं, सरकारने आपल्याला विचारलं म्हणून. सही करताना मला म्हणाला, "बहिणीचा चेडू आसा. माझा नाय तर कोणाचा?" मामीने पोरीसाठी नवी चटई आणली. आठवड्याभराने मी गेले तर मुलीचं दप्तर, कपडे, सगळं एकाच खुंटीला होतं. तक्त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं.

रापणीवर गेले तर जसं मी बोलले होते तसंच. मुलगी दोरी ओढत होती, मासे ओतले गेले, वाटे पडले, तिचा पडला नाही. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांना हाळी देऊन जाळं सांभाळणारा म्हातारा, माझ्या बाबांबरोबर दोरीला लागलेला माणूस. मी त्याला बाजूला घेतलं.

"काका, पोराक वाटो खंय?"

"तिच्या मामीचो वाटो पडलो मा? त्यातच तिचो."

"मामाच्या घरात आता सहा माणसां."

"मगे मी काय करू गो बाय? त्येका सांगू, तुका जमना नाय म्हणून आमी घालतो? तो उद्या तोंड दाखवतलो खंय?" मग म्हणाला, "तूच नाव लिवलंस ना? शिकलेली मानसा. नाव लिवल्यार पोर झाला त्येचा."

"काका, तुमचा नाव घालूया मगे?"

"माझा? माका सत्तर झाली. आणि माझा घातलंस तरी तसाच होतला. पोर माझा एकट्याचा. मी उद्या मेलंय, तर परत तू कागद घेवन येतलंस." त्याने हसून माझ्या डोक्यावर टपली मारली, मी लहान असताना मारायचा तशी. तरी मी त्याचं नाव साहेबांकडे नेलं. साहेबांनी वय पाहिलं आणि कागद परत दिला.

त्या मोसमात मासळी बेताची होती. मामाच्या घरात पोरीला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण पूर्वी जी दारात शिरली की "इलंस काय गो?" म्हणून बायका हसायच्या, ती आता मामीच्या चुलीपाशी शेवटी बसायची. मामी मला म्हणाली, "बाई, मी काय वाईट नाय. पन ती जेवताना माझ्या हाताकडे बघता. माका ता सोसना नाय." मुलगी आधी आपल्या वाट्याचं जेवायची. आता ती मामीचं जेवत होती, आणि हे दोघींनाही कळत होतं.

मग ट्रॉलरच्या मालकाने मामाला काढलं. रेडीच्या बंदरात खनिज भरायचं काम मिळालं, राहायला एक खोली. तीन पोरं, बायको, आणि ही. मामा स्वतः ओरोसला आला. घातलेला शर्ट इस्त्रीचा होता. साहेबांसमोर उभा राहून जमेल तसं शुद्ध बोलत होता. "साहेब, मी तिला टाकत नाही आहे. पण नेऊ शकत नाही आहे." बाहेर येऊन माझ्यासमोर रडला, आपल्या बोलीत. "माका सांगललंस तेव्हाच नको म्हणूक व्हया होता. पन नको म्हटला असता तर लोकांनी काय म्हटला असता?"

तक्त्यात पुढची पायरी लिहिलेली होती: जबाबदार व्यक्ती उपलब्ध नसल्यास संस्था. साहेबांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, "आपण प्रयत्न केला." समितीचा हुकूम झाला. संस्थेची ताई घाट उतरून तळेऱ्यापर्यंत येणार, मी मुलीला तिथे नेऊन सोपवायची, असं ठरलं.

मी तिला आणायला गेले त्या सकाळी रापण लागलेली होती. मामाच्या दाराला कुलूप होतं. मुलगी दोरीवर होती, शाळेच्या फ्रॉकवर. मासे वाळूवर पडले, बांगडे आणि पेडवे. तांडेल वाटे घालत गेला, आणि शेवटी एक वेगळा पाडून म्हणाला, "ह्यो चेडवाचो."

मामा गेला होता. आता ती कोणाच्या घरची नव्हती, म्हणून कोणाचा अपमान नव्हता. दारं पुन्हा उघडली होती. एक बाई म्हणालीही, "आज माझ्याकडे झोपात. नेऊ नको गो तिका."

मी नाक्यावरच्या फोनवरून कचेरीत फोन लावला. "साहेब, पोरीला किनाऱ्याने परत घेतलंय. वाटा पडला."

"कोणी घेतलं? नाव सांगा."

नाक्यावरून किनारा दिसत होता, दोऱ्या गुंडाळणारी माणसं दिसत होती. सगळी नावं मला पाठ होती. साहेबांना एक हवं होतं. मी फोन ठेवला. हुकूम तोच राहिला.

एसटीत मुलीच्या वाट्याच्या माशांच्या पिशवीतून पाणी गळत होतं. कंडक्टर म्हणाला, "काय गो, मासे घेवन लग्नाक चललंस? पायाखाली घाल, माझ्या तिकिटांक वास मारतलो." मुलगी हसली नाही. पिशवी मांडीवरच धरून बसली.

तळेऱ्याला ताई आधीच येऊन उभी होती. घाटाची गाडी लागायला वेळ होता. चहाच्या टपरीवर बसलो. ताई समजुतीने म्हणाली, "बाळ, मासे नाही नेता येणार. आणि आज गुरुवार, मी तर खातही नाही."

मुलीने टपरीवाल्याकडे जुना पेपर मागितला. जमिनीवर पसरला आणि वाटे घालू लागली, रापणीवर घालतात तसे, मोठा-लहान सारखा पाहून. एक टपरीवाल्याला, त्याने पाणी दिलं म्हणून. एक ताईसाठी.

"अगं, मी खात नाही म्हटलं ना?"

"नको तर नको. वाटो घालूक व्हयो," ती म्हणाली. ताईने माझ्याकडे पाहिलं. तो वाटा टपरीवाल्याने उचलला.

एक माझ्यासमोर सरकवला. "बाई, ह्यो तुमचो."

मी कसली दोरी ओढली होती? पण मी तो परत सरकवला नाही. मग तिने शेवटचा घातला, तिचा स्वतःचा, आणि तोही माझ्या आईसाठी म्हणून माझ्या वाट्यात मिसळला. "ह्यो तुमच्या आवशीक. माका थंय कोण रांधतला?"

गाडी आली. तिने हात टपरीच्या पाण्याने धुतले, फ्रॉकला पुसले आणि चढली. खिडकी तिला दुसऱ्या बाजूची मिळाली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने पिशवीत हात घातला. "बरे आसत. खंयचे गो?"

"वाट्याचे."

"तू आनी रापणीत?" आई हसली. मग माझं तोंड पाहून ती विळी घेऊन मागच्या दारी बसली.

तिने माशांचं तिखलं केलं. मी पानातलं सगळं जेवले. वाट्याचे मासे आमच्यात टाकत नाहीत.