तणांचा गठ्ठा

वाळलेल्या गवताला जुन्या वर्तमानपत्राचा वास लागला, की मला वडूजकडचं आमचं रान आठवतं. चाळीस सालानंतरची गोष्ट. दादा शेतकी कॉलेजात शिकत होता आणि सुट्टीत त्याला पन्नास तणं वर्तमानपत्रात दाबून वाळवून, नावं लिहून न्यायची होती. त्याला हरळीपलीकडे एकही ओळखता येत नव्हतं. मी चौथी होऊन घरी बसले होते, रोज खुरपायला जात होते. तो म्हणाला, "तू तणं गोळा कर, तुझ्या पाचवीचं मी आबांस्नी सांगतो." आठ दिवस मी बांध धुंडाळले, टारफुला, कुंदा, लव्हाळा, एकेकाचं नाव त्याला सांगितलं. तो निघाला त्या सकाळी मी हळूच विचारलं, "दादा, सांगितलंस का रं?" आबांनी ऐकलं. "काय म्हणती ती?" दादा हसला. "हिला शाळंत जायचंय, आबा. पन्नास तणांची नावं पाठ हाईत, आता आणि काय शिकायचं ऱ्हायलंय हिला?" आबाही लय हसले. मग दादाचा गठ्ठा मीच डोक्यावर घेऊन मोटारीपर्यंत पोचवला. पुढं कैक वर्षांनी दादा वारला तेव्हा मला रडू आलं नाही, लोकांनी नावं ठेवली. तो हसला ते मी कधीच सोडून दिलं असतं. पण गठ्ठा मी का उचलला, हे अजून मनातून जात नाही.