आत्याने परत दिलेली पेनं

माझी आत्या एकोणीस वर्षं मुलींच्या शाळेत संडास धुते. ‘स्वच्छतागृह’ म्हटलेलं तिला खपत नाही. “घाण काढायची, तर नाव कशाला नटवायचं?” आपल्या प्रामाणिकपणाचा मात्र तिला भारी तोरा. बेसिनपाशी सापडलेली प्रत्येक क्लिप, कानातलं, पट्टी ती पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि जिची तिला नेऊन देते.

यंदा डब्यात जाड, रंगीत पेनं येऊ लागली. फ्लशच्या टाकीमागे सापडलेली, खिडकीच्या गजाआड खोचलेली. “धांदरट मेल्या, पेनं कुठे विसरतील नेम नाही!” आत्या ती पुसून परत करायची. नववीतली एक उंच, सारखी खोकणारी मुलगी तर चारदा घेऊन गेली. “मावशी, तुम्ही किती चांगल्या आहात,” म्हणाली. हे आत्याने आम्हाला दोनदा ऐकवलं. संडासात हल्ली स्ट्रॉबेरीचा वास येतो म्हणून तिने फिनेलही कमी केलं होतं. मी नीट कान दिला असता तर तेव्हाच ओळखलं असतं. पण आत्याचं बोलणं घरात ऐकतंय कोण?

मग एका दुपारी ती मुलगी संडासातच कोसळली. दार आत्यानेच ढकललं. ओठ निळे पडलेले, बेसिनात चिकट थुंकी, हातात पेन आणि कोंडलेली गोड वाफ. मुलीला दवाखान्यात नेलं. गडबडीत उचललेलं पेन आत्याच्या खिशात राहिलं.

संध्याकाळी ते पाहून मी सांगितलं, “अगं, हे व्हेप आहे. यात निकोटिन असतं, वाफ करून ओढतात.”

आत्याने तीनदा साबणाने हात धुतले. “पोरींना विष विकायचं आणि वर त्याला फळाचा वास लावायचा? माझा संडास बरा यांच्यापेक्षा!”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला. “तिला दमा असेल. तुम्ही काही पाहिलेलं नाही. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या नोकरीचाही.” एकोणीस वर्षांत त्या केबिनमध्ये आत्याला मिळालेला तो पहिला चहा.

आत्याने मला फोन केला आणि आम्ही थेट दवाखाना गाठला. मुलीची फुप्फुसं सुजली होती आणि कारण सापडत नव्हतं. डॉक्टर खोदून खोदून विचारत होते, धूर, रसायन, कशाशी संबंध आला का? मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आई रडकुंडीला आलेली.

आत्याने खिशातलं पेन पुढे धरलं. “हे ओढते ती. मीच चारदा उचलून तिच्या हातात दिलंय. मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आधी हिचं बघा.”

डॉक्टर ते घेणार, एवढ्यात मुलीने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला आणि हात लांब केला.

“मावशी, द्या ना. एकदाच.”

आई तिच्या उशाशीच उभी होती.