अळवामागची भिंत

आमची सोसायटी बोरीवली पूर्वेला, गल्लीच्या अगदी टोकाला आहे. मागच्या भिंतीपलीकडे नॅशनल पार्क. पाहुणे बाल्कनीत उभे राहून म्हणतात, काय मस्त हिरवं आहे, आणि मी हो हो म्हणत जाळी ओढून घेतो. गॅस बंद केला की नाही हे बघायला खालून परत जिना चढून येणारा माणूस आहे मी, मला घाबरायला फारसं कारण लागत नाही. पण गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यातली क्लिप ग्रुपवर आली आणि खरंखुरं कारण मिळालं. भिंतीवरून बिबट्या चालत गेला, अगदी सावकाश. क्लिपखाली लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मला पहिल्यांदा आठवले ते बाबा.

त्याच भिंतीला लागून, सांडपाण्याच्या गटाराच्या कडेला, बाबांनी अळू आणि केळी लावल्या आहेत. कोकणात मोरीच्या पाण्यावर अळू वाढवतात, तसंच. अळू कंबरेच्या वर माजलंय. ऋषिपंचमीला अख्ख्या सोसायटीतल्या बायका तिथली पानं घेऊन जातात. आई गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी तिथे भिंतीकडे पाठ करून उकिडवे बसतात आणि गवत खुरपतात. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली होती की झुडपं दाट ठेवू नका, दिवस कलला की तिथे वाकून-बसून काम करू नका. उकिडवा बसलेला माणूस त्या जनावराला एखादा लहान प्राणी वाटू शकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, वेफर्स खाल्ले आणि घरी गेले. बाबाही होते त्यात. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन पुन्हा खाली.

म्हणून सेक्रेटरींनी बाग नव्याने करायची टूम काढली तेव्हा नकाशा काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. सगळ्यांना वाटलं, मला हौस आहे. मी लॅपटॉपवर बागा आखायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात भिंती काढायच्या, झाडं उचलून ठेवायची, सूर्य पुढेमागे सरकवायचा. झाडं सगळी परदेशी, अळू कुठेच नव्हतं. माझं काही अडलं नाही. मला अळू काढूनच टाकायचं होतं.

त्यात बघणाऱ्याच्या नजरेची उंची बदलता येते. एका रविवारी मी ती बिबट्याच्या डोळ्यांएवढी, गुडघ्याच्या जराशी वर केली, वेळ संध्याकाळची लावली आणि भिंतीपाशी जाऊन वळलो. अळवाच्या जागी तेवढ्याच उंचीची झुडपं ठेवून पाहिली होती. त्यांच्या आतून सगळं अंगण दिसत होतं. अंगणातून आतलं काहीच दिसत नव्हतं. बाबा बसतात तिथे मी एक माणूस ठेवला होता, त्याची पाठ इतकी जवळ होती की मी लॅपटॉप मिटून पाणी प्यायलो.

मग मी सरसकट साफ केलं. भिंतीलगत फरशी, मोठे दिवे, बुटकं गवत. बाबांसाठी पाठीची खुर्ची, थेट वॉचमनच्या केबिनशेजारी. कमिटीला नकाशा जाम आवडला. झकास झालंय, सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या आठवड्यात माणसं लावू.

आता बाबांना सांगणं भाग होतं. दोन दिवस मी विषय टाळला. मग त्यांच्या शेजारी बसून स्क्रीनवर बाग फिरवून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून सगळं नीट पाहिलं. अळवाचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सुटलो.

"ह्यात माका खंय बसवलंस?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची दाखवली. सावली किती, उजेड किती, सगळं भराभर सांगत सुटलो.

"थंय माती खंय आसा?"

माझा तोल गेला. नको ते बोललो. त्या पाल्यासाठी जीव द्यायचाय का, तुम्हाला काही झालं तर मी काय करू, आई गेली तेव्हाही तुम्ही मला शेवटपर्यंत काही कळू दिलं नव्हतं.  बाबांनी बोटाने स्क्रीनवरच्या भिंतीचा कोपरा दाखवला, केळीच्या बरोबर वरचा.

"गेल्या पावसात मी बघलंय तेका. हयसरच बसललो. मी उभो रवलंय, मोठ्यान बोललंय, तो गेलो."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत.

"तुका सांगलं असतंय तर तू माका घरात कोंडून घातलं असतंस."

कोंडलंच असतं. नुसतं दाराला कुलूप लावून नाही, तर नकाशा काढून, कमिटीची मंजुरी घेऊन, खुर्ची देऊन. तेच तर मी करत होतो. पण भीतीही खोटी नव्हती, भिंतीवर तो खरंच बसला होता. त्या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात मावेनात.

नकाशा मी बदलला. दिवे ठेवले, केळी विरळ केल्या, भिंतीपासून चार हात जागा मोकळी सोडली आणि अळू त्याच्या पुढे आणलं. बाबांनी उभं राहून काम करावं म्हणून वाफा कंबरेएवढा उंच बांधायचं ठरवलं होतं, ते त्यांनी मोडून काढलं. मातीत बसल्याशिवाय खुरपता येत नाही म्हणे.

हल्ली मी ऑफिसातून लवकर निघतो. ते उकिडवे बसतात, मी त्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.  पहिल्या दिवशी मी नुसताच टक लावून भिंत बघत होतो तेव्हा ते मागे न बघता म्हणाले, "बोलत रव."

आई गेल्यापासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलत आलो होतो.  मग मी मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं, दिवसभरात काय काय झालं ते त्यांना सांगायला लागलो.