दोनशे लाल ओळी

लेकीच्या कॉलेज प्रोजेक्टमधला चेंडू चार वाजेपर्यंत पडद्यावर उसळायला हवा होता. त्यासाठी लिनक्सच्या संगणकावर भौतिकशास्त्राची लायब्ररी, म्हणजे उसळीचं गणित करणारा तयार कोड, कंपाइल करून चालता करायचा होता. मी, घरातला स्वयंघोषित जाणकार, पडद्यावर आलेल्या चुकांच्या दोनशे लाल ओळींमधल्या शेवटच्या ओळीशी तासभर झुंजलो.

“बाबा, खालून काय वाचतोस? पहिली चूक बघ. बाकीच्या तिच्यामुळेच आल्यात.”

वर सरकत गेलो. त्या कोडला सुरुवातीलाच लागणारी एक हेडर फाइल मशीनवर नव्हतीच. ती टाकली आणि लाली ओसरली. साडेतीनला चेंडू टुणकन उसळला.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. बायकोशी भांडतानाही मी नेहमी तिच्या शेवटच्या वाक्यालाच उत्तर देतो. पहिलं काय होतं, ते वीस वर्षांत वर जाऊन पाहिलंच नाही. आज विचारावं म्हणतो. चहा मात्र आधी करून नेईन.