कूलरची खिडकी

माझी पत्नी मालती गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी गेली. संध्याकाळी मी तिच्या खोलीतला कूलर बंद केला.

पुढे जे घडलं तशा अनुभवांवर माझा विश्वास नव्हता... आजही 'आहे' असं म्हणवत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकाला बुरशी लागली की ओल कुठून येते, वारा कुठे अडतो ते शोधायचं. कारण सापडतंच, असं मानत आलो.

आमचं घर जळगावला, मेहरूणमध्ये. मागच्या खोलीला एकच खिडकी. तिला बाहेरून कूलर लावलेला, फटींत थर्माकोल कोंबलेला. गारवा जाऊ नये म्हणून दारही लावून घ्यायचो. कूलरची दमट हवा आतच कोंडायची आणि पलंगामागची भिंत काळी पडली. मालतीला दमा. "अहो, ती खिडकी मोकळी करा ना," ती म्हणायची. "एवढा उन्हाळा जाऊ दे," मी म्हणायचो. मुलीच्या, आसावरीच्या, साखरपुड्याला पाहुणे येणार म्हणून त्या बुरशीवर मी नुसता रंग मारून घेतला. पुस्तकांना वारा लागतो हे जन्मभर सांगणारा माणूस मी...

ती गेल्यावर पावसाळाभर भिंत स्वच्छ राहिली. आणि यंदा मार्चमध्ये, कोरड्याठाक हवेत, ठिपके उमटले. त्याच आठवड्यात धुळ्याहून आसावरीचा फोन — सातवा महिना लागलाय, बाळंतपणाला येते. तिलाही आईसारखाच दमा.

"आत्ताच नको येऊस," मी म्हणालो. "खोली बरी नाही."

ती म्हणाली, "आई नाही म्हणजे माहेरही नाही का, बाबा?"

मी ब्लीच लावलं, पुसलं, पंख्यानं वाळवलं. चौथ्या दिवशी ठिपके परत. मिस्त्रीनं विटेपर्यंत प्लॅस्टर काढलं, वरची टाकी, नळ, सगळं तपासलं. दोन दिवसांत विटेवरच काळं.

"नाना, भिंत बठ्ठी कोरडी शे," हात फिरवत तो अहिराणीत म्हणाला. "मंग हाई काळं कोठेन उनं? तुमना पुस्तकस्मा काही लिखेल नही का?" मग खिडकीकडे बोट केलं. "पहिले हाऊ कूलर काढा."

तो मी काढू दिला नाही. तिनं सांगितलं तेव्हा काढला नाही, आता कुणासाठी काढू, असं वाटायचं.

मार्च संपता संपता एका दुपारी मी कोरड्या ब्रशनं वीट घासत होतो. फोन बैठकीत होता. दार कधी लोटलं गेलं कळलं नाही. उघडायला गेलो तर हलेना — पावसाळ्यात फुगतं तसं फुगलेलं. हाका मारल्या. शेजारी सगळे दारं लावून, कूलर लावून झोपलेले... ऐकणार कोण?

हळूहळू हवा जड झाली. कूलरच्या ओल्या गवताचा वास यायला लागला. मग पाणी ठिबकल्याचा आवाज. प्लग माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता, काढलेला. मला धाप लागली, अगदी तिला लागायची तशी. तिचा पलंग असायचा तिथे मी बसलो आणि तिला कसं वाटत असेल ते पहिल्यांदा कळलं.

उठून नखांनी थर्माकोल उपसला. कूलरला दोन्ही हातांनी रेटलं. स्टँडवरून तो मागच्या अंगणात पडला. गरम वारा आत आला. मागे वळून पाहिलं तर दार उघडं होतं.

जावई म्हणतात, ब्लीचचा वास चढला असेल. त्या दिवशी मी बाटली उघडलीच नव्हती. कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं, तळाला धूळ होती. सुतारानं दार लावून पाहिलं, चौकटीशी बोटभर फट. "हे अडकेल कसं, काका?" तो हसला.

मी आसावरीला स्वतः धुळ्याहून घेऊन आलो. मे महिन्यात तिला मुलगी झाली. दोघी मागच्याच खोलीत निजतात. बुरशी पुन्हा आलेली नाही. का आली होती, का गेली, मला सांगता येत नाही.

दुपारी खोली तापते, तरी खिडकी उघडी असते. प्लॅस्टर अजून केलेलं नाही. पलंगामागची वीट तशीच उघडी आहे.