गाडी गरम ठेवणारा

साठ सालच्या सुमारास परतवाड्याच्या स्टँडवर एक टॅक्सीवाला होता. हिवाळ्यात तो स्वतःची गोधडी जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर टाकायचा आणि आत सीटवर कुडकुडत झोपायचा.

एका पहाटे बहिणीला कळा सुरू झाल्या, म्हणून मी धावत त्याच्याकडे गेलो. तो रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतत होता. मी गाडीभोवती नुसत्या फेऱ्या मारत होतो.

"लवकर करा हो!"

"घाई केली तं बॅटरी बसन, भाऊ. मागच्या साली माह्या बायकोच्या बाळंतपणाच्या येळेस गाडी सुरूच झाली नाई, वाचली नाई ते."

शेवटी इंजिन धडधडलं. अमरावतीच्या दवाखान्यात बहीण सुखरूप बाळंत झाली. बाहेर येऊन मी त्याला मुलगी झाल्याचं सांगितलं, तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत राहिला.