गुळव्याची काईल

गुऱ्हाळाचा हंगाम संपला, की चैत्रात तिघे मित्र गुळाची काईल, म्हणजे उसाचा रस कढवायची भलीमोठी गोल कढई, घासूनपुसून कृष्णेत सोडत. बाहेरगावच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. पण पुराच्या दिवसांत याच काईलीत बसून इथली माणसं पैलतीर गाठतात. मग सहलीला काय हरकत? दिवसभर वल्हवत सांगलीच्या अलीकडं जायचं, वाळवंटात पाल ठोकायचं, कोंबडं शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी काईल बैलगाडीत घालून परत.

तिघांत लालासाहेब गुऱ्हाळाचा मालक. नाथाजी फौजेतून पेन्शनीवर आलेला. पाल त्याचं आणि बांगलादेशच्या लढाईच्या गप्पाही त्याच्याच. तिसरा आकाराम, लालासाहेबाच्या गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा गुळव्या. सहल तिघांची, पण वल्हं कायम आकारामच्या हातात. नवख्यानं वल्हं धरलं की गोल काईल जागच्या जागी गिरक्या घेते, आकारामच्या हातात मात्र सुतासारखी सरळ जाई.

यंदा, चौऱ्याहत्तर साली, आकारामला मुळीच जायचं नव्हतं. चुलवाणापुढं तीस हंगाम काढून तो पार पिचून गेला होता. त्यात दोन वर्षांपासून डोळ्यांपुढं धुकं धरलं होतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, मनुबाईलाही नाही. गुळव्याची भाकरी डोळ्यांवर. पाकाचा रंग बघून काईल उतरवायची असते. आकाराम मात्र वासावर, बुडबुड्यांच्या आवाजावर आणि पाण्यात पाकाची गोळी वळून कसंबसं निभावत होता. कामानं थकला होताच, पण दिसत असल्याचं सोंग करून त्याहून जास्त थकला होता. सहलीला नाही म्हणावं, तर का म्हणून विचारणार, आणि खरं कळलं की काम जाणार. म्हणून मुकाट्यानं येऊन बसला.

चैत्रात पाणी खाली गेलं होतं. आकाराम कानांनीच नदी बघत होता. खडकापाशी पाणी खळखळतं, डोहावर गप्प असतं. पण नाथाजीची लढाई ऐन रंगात आली होती.

"नाथाजी, जरा गप बस की रं," आकाराम दोनदा म्हणाला.

"गप कसा बसू? आता तर खरी गंमत हाय," म्हणत नाथाजीनं आवाज आणखी चढवला, आणि काईल धाडकन खडकावर आदळली. कलली, भसकन पाणी आत आलं. पीठ, तिखट, पाल, सगळं भिजलं. कोंबडं तेवढं ओरडून ओरडून वाचलं.

"आंधळा हायस व्हय रं?" लालासाहेब खेकसला. "म्हशीयेवढा खडक दिसला न्हाई तुला?"

ऊन डोळ्यांवर आलं म्हणून सांगणं सोपं होतं. पण आकारामला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"न्हाई दिसला, मालक. दोन वर्सं झाली, मला नीट दिसतच न्हाई."

नदीवर तो लालासाहेबाला कधी मालक म्हणत नसे.

लालासाहेब बराच वेळ ओंजळीनं काईलीतलं पाणी उपसत राहिला. मग आकारामकडं न बघता म्हणाला, "मिरजंला डोळं दावू. मी येतो संगट. पर गड्या, फुडल्या हंगामाला दुसरा गुळव्या बघाया लागंल. उकळत्या काईलीपाशी तुला काय झालं, तर मनुबाईला मी काय तोंड दावू?"

हेच ऐकावं लागू नये म्हणून आकाराम दोन वर्षं जीव मुठीत धरून राबला होता. आता ते कानांवर पडलं होतं. पण त्याचे खांदे आपोआप सैल पडले, आणि त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

"बघा की," तो म्हणाला, आणि ओल्या पालावर डोकं टेकून, भर उन्हात, दोघं बघत असताना गाढ झोपी गेला.